फेब्रुवारीअखेर ते मार्च, सहकुटुंब ट्रोम्सो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही साधारण ३५० किलोमीटर वर, एका बेटावर वसलेलं हे बंदराचं शहर. वस्ती पाऊण लाखाच्या जरा वर. नॉर्दर्न लाइट्स पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत आता ते आइसलंडच्या जोडीला आलं आहे. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असली की जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. हनिमूनला किंवा एकट्यानं जाणाऱ्यांची गणितं वेगळी असतात.

सगळे तर डिसेंबरमध्ये जातात. आम्ही फेब्रुवारी-मार्च का निवडावा?

कारण डिसेंबरमध्ये तिथे सूर्य उगवतच नाही. २७ नोव्हेंबरच्या सुमाराला तो क्षितिजाखाली जातो आणि शहरातून पुन्हा दिसतो तो थेट २१ जानेवारीच्या आसपास. त्या दिवशी शाळांतली मुलं सूर्याच्या स्वागताला गोल गोड पाव खातात. मधल्या काळात भर दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो, बाकी अंधार. दोघांनाच जायचं असेल तर ते फार सुंदर वाटतं. सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा बरोबर असतील, तर दुपारी अडीचला पडलेल्या अंधारात करायचं काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो.

२० फेब्रुवारीच्या सुमाराला दिवस आठ तासांचा होतो, १ मार्चला साडेनऊ तासांचा, २० मार्चला बारा तासांचा. रोज आठ-दहा मिनिटांनी दिवस वाढत जातो. बर्फ मात्र भरपूर असतो, किंबहुना जानेवारीपेक्षा जास्त साठलेला असतो. म्हणजे दिवसा उन्हात चमकणारे डोंगर आणि रात्री पुरेसा अंधार, दोन्ही पदरात पडतं.

माझी पसंती विचाराल तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य. लहान मुलं असतील तर फेब्रुवारीअखेरच बरी, कारण तेव्हा सहा-साडेसहालाच काळोख होतो आणि मुलं पेंगायच्या आत आकाशाकडे बघता येतं. मार्चअखेरीस अंधाराला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. एप्रिल उजाडला की रात्र पुरती काळी होतच नाही.

मुलांच्या परीक्षांचं काय?

खरी अडचण हीच आहे. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर हा बेत त्या वर्षी सोडून द्या. सीबीएसईच्या शाळांत वार्षिक परीक्षाही बहुधा याच दिवसांत येतात. राज्य मंडळाच्या शाळेतल्या खालच्या वर्गांना तुलनेनं मोकळीक असते. शाळेचं वेळापत्रक हाती येण्याआधी परत न मिळणारी तिकिटं काढू नका. आणि ज्यांचं ऑफिस ३१ मार्चच्या हिशेबावर चालतं, त्यांनी फेब्रुवारीच धरावा.

नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतील ना?

नक्की असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या एका कड्याकडे वळतात आणि वरच्या हवेतल्या अणूंवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमुळे तो ओळखीचा हिरवा रंग येतो. ट्रोम्सो बरोबर त्या कड्याखाली आहे, त्यामुळे सूर्य शांत असला तरी तिथे काहीतरी हालचाल होतच असते. ॲपमधला केपी आकडा (पृथ्वीभोवतीची चुंबकीय हालचाल किती, ते सांगणारा) एक किंवा दोन दिसला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. तो आकडा ओस्लो किंवा स्कॉटलंडमधून बघणाऱ्यांच्या जास्त कामाचा. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, चुंबकीय हालचाल सरासरीनं वाढते, हाही मार्चचा फायदा.

घात करतात ते ढग. समुद्रकाठ असल्यानं ट्रोम्सोचं आकाश लहरी आहे. सलग तीन दिवस बर्फ पडत राहणं यात नवल नाही. म्हणून किमान चार, जमल्यास पाच रात्री तिथेच मुक्काम ठेवा. दोन रात्री ट्रोम्सो, दोन ओस्लो, दोन बर्गेन असली धावपळीची सहल केली, तर खर्च तेवढाच होतो आणि मुख्य गोष्ट हुकण्याची शक्यता वाढते.

आणखी एक. डोळ्यांना तो प्रकाश बऱ्याचदा आधी पांढरट, धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. फोनच्या नाइट मोडमध्ये तोच हिरवागार येतो. जोर वाढला की मग नुसत्या डोळ्यांनाही रंग दिसतो, पडदे हलतात, कडेला गुलाबी छटा येते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर इन्स्टाग्राम पाहून तयार झालेली मुलं पहिल्या पट्ट्याला ढग समजून गाडीत परत जातात.

रात्रीची टूर घ्यावी की आपलं आपण बघावं?

दोन्ही. एक टूर ठरवा, बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवा.

छोट्या बसमधून निघणारे वाटाडे ढगांच्या नकाशावर नजर ठेवून निरभ्र आकाश शोधत जातात. वेळ पडली तर थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर. (पासपोर्ट खिशात हवा.) संध्याकाळी सहा-सातला निघून परतायला मध्यरात्र उलटते, कधी दोन वाजतात. लहानग्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना हे झेपतंच असं नाही. काही टूरना किमान वयाची अट असते, मुलांच्या सीटचं आधी कळवावं लागतं, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. त्यापेक्षा एका ठिकाणी तंबू, शेकोटी आणि गरम सूप असलेली टूर कुटुंबाला सोयीची. मात्र तिथे ढग आले तर हलता येत नाही.

आपलं आपण बघायचं तर बेटाच्या माथ्यावरचं प्रेस्टवान्नेत तळं किंवा दक्षिण टोकाचा तेलेग्राफबुक्ता किनारा गाठा. दोन्हीकडे शहराचे दिवे मागे पडतात. प्रकाश जोरात असला तर बंदराच्या धक्क्यावरूनसुद्धा दिसतो. पौर्णिमा असली तरी चिंता नको. चांदण्यात बर्फाचे डोंगरही फोटोत येतात.

व्हेल मासे दिसतील?

नाही. ते हेरिंग माशांच्या मागोमाग साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत उत्तरेकडच्या खाड्यांत येतात. फेब्रुवारीअखेरच्या बोटसफरीच्या जाहिरातीत व्हेलचं चित्र दिसलं तर तारीख नीट वाचा.

व्हिसा कधी आणि कसा काढायचा?

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सगळ्यात जास्त रात्री नॉर्वेत असतील तर अर्ज नॉर्वेकडेच करायचा. आधी नॉर्वेच्या परदेशी नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर अर्ज भरून फी भरायची, मग व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागदपत्रं आणि बोटांचे ठसे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस, क्वचित ४५ पर्यंत लागतात. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात अर्ज गेला की जीव टांगणीला लागत नाही.

शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा हवा. मुलांचा जन्मदाखला जोडा, आणि आई-वडिलांपैकी एकच जण सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. आजी-आजोबांचा खर्च मुलगा करत असेल तर त्याचं पत्र, बँकेचे तपशील आणि नातं दाखवणारा कागद लागतो. आडनाव एकच आहे, एवढा पुरावा पुरत नाही.

मुंबईहून पोचायचं कसं? ओस्लोहून रेल्वे आहे का?

आखाती शहरांमार्गे किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून ओस्लो, आणि तिथून पावणेदोन-दोन तासांचं देशांतर्गत विमान. ट्रोम्सोचा विमानतळ शहरापासून पाच किलोमीटरवर आहे, बस मिळते.

रेल्वे ट्रोम्सोपर्यंत जातच नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन नार्विक, आणि तिथून पुढे बसनं चारेक तास. नार्विकची रेल्वेही स्वीडनकडून येते, ओस्लोकडून नाही. नकाशावर देश एकच दिसतो म्हणून लोक फसतात. रस्त्यानं ओस्लो ते ट्रोम्सो अंतर दीड हजार किलोमीटरच्या पुढे आहे.

ओस्लोत विमान बदलताना कस्टमसाठी बॅगा उतरवून पुन्हा द्याव्या लागण्याची शक्यता धरा आणि मध्ये तीन तास तरी ठेवा. चेक-इनच्या वेळी बॅगेची चिठ्ठी कुठपर्यंतची आहे ते विचारून घ्या.

थंडी किती असते? आमचे कपडे पुरतील?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण शहरात उणे एक ते उणे सहा-सात एवढीच. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही आणि हवा आटोक्यात राहते. शिमल्यात किंवा मनालीत जानेवारी काढलेल्याला हा आकडा अनोळखी नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या: समुद्रावरचा वारा, आणि रात्रीच्या टूरमध्ये डोंगरापलीकडे गेल्यावर पडणारी उणे वीसची थंडी. त्या थंडीत तुम्ही चालत नसता, एका जागी उभे राहून आकाश बघत असता.

अंगालगत लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा. घाम आला की ते ओले होतात आणि गारठवतात. मोज्यांची दुसरी जोडी तेव्हाच घाला जेव्हा बुटात बोटं हलवायला जागा उरते. घट्ट बुटात दोन मोजे म्हणजे गार पाय. हातमोजे मुलांना बोटं जोडलेले द्या. आपली माकडटोपी खुशाल न्या, तिथे तिला कोणी हसत नाही.

रात्रीच्या आणि श्वानगाडीच्या बहुतेक टूरवाल्यांकडे जाड ओव्हरऑल आणि बूट मिळतात. त्यामुळे माणशी वीस हजारांचं जाकीट घ्यायची गरज नाही. बुकिंग करताना मुलांच्या मापाचं आहे का, एवढं विचारा.

आजी-आजोबांना न्यावं का?

न्यावं. पण त्यांच्यासाठी थंडीपेक्षा पायाखालचा रस्ता मोठा धोका आहे.

फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये दिवसा पारा कधी कधी शून्याच्या वर जातो, बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठून पदपथावर काच तयार होते. वर ताजा बर्फ भुरभुरला की ती दिसतही नाही. तिथले लोक बुटांना रबरी पट्ट्यांवर खिळे असलेले जोड लावतात. त्यांना ब्रॉडर म्हणतात, ते साध्या किराणा दुकानांतही मिळतात. उतरल्याबरोबर पहिली खरेदी हीच करा, आणि फक्त आजींसाठी नाही, सगळ्यांसाठी. दुकानात किंवा संग्रहालयात शिरताना ते काढायचे असतात, कारण फरशीवर तेच घसरतात. काढताना तोल जातो, तेव्हा कोणीतरी हात धरावा.

चालताना पावलं छोटी टाकायची आणि हात खिशात ठेवायचे नाहीत. मुख्य रस्ता, स्टूरगाटा, बराचसा सपाट आहे, पण बेटाच्या वरच्या बाजूच्या गल्ल्या चढाच्या. ‘केंद्रापासून दहा मिनिटं’ लिहिलेलं घर त्या चढावर असेल, तर ती दहा मिनिटं आजोबांसाठी पंचवीस होतात. राहायची जागा बघताना नकाशावर उंचीही बघा.

ज्येष्ठांसाठी तिथल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, पूल ओलांडल्यावर दिसणारं त्रिकोणी पांढरं आर्क्टिक कॅथेड्रल. १९६५ सालचं, यान इंगे होविग या वास्तुविशारदाचं, आत प्रचंड रंगीत काच. तिथे संध्याकाळी संगीताचे कार्यक्रम होतात. बसून ऐकायचं, पायांना विश्रांती. दुसरी, फ्येल्हाइसेन ही केबलकार. ४२१ मीटर उंचीवर नेते, वरून सगळं बेट, दोन्ही पूल आणि खाडी दिसते. वारा वाढला की ती बंद ठेवतात, म्हणून पहिल्या स्वच्छ दिवशीच जाऊन या. डोंगरावर चढणाऱ्या दगडी पायऱ्याही आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या, बाराशेच्या वर. त्या उन्हाळ्यासाठी सोडा.

सूर्य बुडाल्यावर कितीतरी वेळ रेंगाळणारा गुलाबी-निळा उजेड आजोबांना दाखवा. लोकमान्य टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषांच्या वर्णनावरून आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं १९०३ साली मांडलं होतं. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. पण टिळकांचं नाव निघालं की घरात जो वाद रंगतो, त्यासाठी याहून चांगली जागा नाही.

दिवसा मुलांना काय करायला मिळेल?

दुकानातून प्लॅस्टिकची स्वस्त घसरपाटी घ्या आणि जवळच्या कुठल्याही उतारावर जा. तिथली मुलं तेच करतात. हजारो क्रोनरच्या (क्रोनर हे नॉर्वेचं चलन) सहलीपेक्षा मुलांना हेच जास्त लक्षात राहील, याची मला खात्री आहे.

ढगाळ दिवसासाठी विद्यापीठाजवळचं विज्ञान केंद्र आणि त्यातलं तारांगण. बंदरावरच्या जुन्या लाकडी गोदामातलं ध्रुवीय संग्रहालय मोठ्या मुलांना दाखवा. दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेला रुआल अमुंडसेन, हरवलेल्या इटालियन हवाई मोहिमेच्या शोधात, १८ जून १९२८ रोजी याच शहरातून विमानानं निघाला आणि परत आला नाही. ती सगळी कथा तिथे आहे. मात्र सील आणि अस्वलांच्या शिकारीचे देखावेही आहेत, हळव्या मुलांना आधी कल्पना द्या.

रेनडिअर की कुत्र्यांची गाडी?

एकच परवडत असेल तर वयानुसार ठरवा. कुत्र्यांची गाडी वेगवान, उड्या मारणारी, आरडाओरड्याची. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना ती हवीच असते. कंबरेचं दुखणं असेल तर टाळा. रेनडिअरची गाडी संथ असते, आणि नंतर सामी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या तंबूत शेकोटीभोवती बसून त्यांच्या गोष्टी आणि योइक हे त्यांचं गाणं ऐकायला मिळतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर हीच निवडा. बुकिंगच्या वेळी शाकाहारी असल्याचं लिहा, नाहीतर वाटीत रेनडिअरचंच मटण येतं.

यजमानांना ‘तुमच्याकडे रेनडिअर किती?’ असं विचारू नका. एखाद्याला बँकेत किती पैसे आहेत विचारण्यासारखंच ते आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जाणार असाल, तर ६ तारखेच्या सामी राष्ट्रीय दिनाच्या आसपास मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात.

शाकाहारी माणसाचं कसं होणार? खाऊ नेता येतो का?

उपाशी कोणी राहत नाही, पण रोज बाहेर जेवणं खिशाला आणि जिभेला दोन्हीला जड जातं. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. रेमा १०००, किवी, कूप या दुकानांत तांदूळ, मसूर, डबाबंद छोले, भाज्या, दही, टॉर्टिया सहज मिळतात. मसाले, पोहे, भाजणी, मेतकूट, तयार उपम्याची पाकिटं घरून न्या. तपकिरी, गोडसर चीज मुलांना आवडतं, वाफल्सबरोबर द्या.

कस्टमचा नियम मात्र कडक आहे. युरोपाबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, पनीर बॅगेत नको. कच्चे बटाटेसुद्धा नकोत! चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. लोणी तिथलं उत्तम असतं, ते कढवून घरीच तूप करा.

खर्चाचा अंदाज?

२०२५ साली एक क्रोनर साधारण आठ-नऊ रुपयांचा होता. रात्रीची टूर मोठ्या माणसाला दीड ते दोन हजार क्रोनरच्या घरात, कुत्र्यांची गाडी त्याहून महाग. सहा जणांचं कुटुंब रोज एक टूर घेऊ लागलं तर विमानाच्या तिकिटापेक्षा टूरच जास्त होतात. म्हणून पाच दिवसांत दोन मोठे कार्यक्रम पुरे: एक रात्रीचा, एक प्राण्यांचा. बाकी दिवस केबलकार, घसरपाटी आणि शहरातली भटकंती. नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चवीला छान असतं. बाटल्या विकत घेऊ नका.

गाडी भाड्यानं घ्यावी का?

बर्फात चालवायची सवय नसेल तर नाही. गाड्यांना खिळ्यांचे टायर असतात, रस्ते साफ करतात, तरीही वळणावरचा बर्फ, आडवं येणारं जनावर आणि रात्रीचा वारा यांचा अनुभव मुंबई-पुणे रस्त्यावर मिळत नाही. शहराखालच्या बोगद्यांत चक्क भुयारी वाहतूक बेटं आहेत, ती टॅक्सीतून पाहिली तरी चालतात.

रविवारी आणि सणाला काय बंद असतं?

रविवारी मोठी किराणा दुकानं बंद, छोटी काही उघडी. शनिवारीच सामान भरा. ईस्टर मार्चमध्ये येणार असेल तर जास्त जपा: गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार असे चार दिवस बहुतेक दुकानं बंद. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, तो आठवडा मी तरी टाळेन.

कोणी आजारी पडलं तर?

रुग्णवाहिकेसाठी ११३, आणि जिवावरचं नसेल तर तातडीच्या डॉक्टरसाठी ११६११७. नेहमीची औषधं दोन-तीन दिवस जास्तीची न्या, इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. मोठं रुग्णालय शहरातच आहे.

रोख पैसे, प्लग, बूट?

रोख जवळपास लागत नाहीच, दोन वेगवेगळी कार्डं ठेवा. आपला गोल दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा नाही. घरात शिरताना बूट दाराशीच काढायची पद्धत तिथेही आहे. ओले मोजे न्हाणीघराच्या गरम फरशीवर पसरा, सकाळपर्यंत वाळतात.